आत्या, जरा गप बसा

सकाळी सात वाजता आमच्या गोठ्यात रेडिओ लागतो. रेडिओ म्हणजे मोबाईलच. तो पिशवीत घालून खुंटीला टांगलेला असतो, कारण एकदा म्हशीनं शेपटीचा फटका मारून तो शेणात पाडला होता. धार काढून होईपर्यंत निम्मा कार्यक्रम ऐकून होतो, उरलेला निम्मा चुलीपुढं.

कार्यक्रम आपल्याच भागाचा आहे, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यापुरता. आधी एखादं भारूड नाहीतर गवळण लावतात. कुठल्या गावाची यात्रा आहे, कुठल्या घाटात बैलगाडे पळणार आहेत, ते सांगतात. मग राजकारण. मग बिबट्या कुणाच्या उसात दिसला, लाईट किती वाजता जाणार, कालव्याला पाणी कधी सुटणार. बोलणारी पोरगी इकडचीच आहे. बोलते जरा पुण्यासारखं, पण हसली की गावची वाटते. मला त्यातलं राजकारण सगळ्यात आवडतं. भारुडं मला पाठ आहेत, ती काय ऐकायची? फोनवर कुणी पुढाऱ्याला वाकडा प्रश्न विचारला की माझी धार भराभर निघते.

मी डिंगोऱ्याची लेक. चौथी झाल्यावर शाळा सुटली. लग्न होऊन घोडेगावच्या वरच्या अंगाला आले, ती अजून इथंच आहे. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मी, मुलगा, सून आणि तीन म्हशी. नातवंडं शिकायला पुण्याला असतात आणि सुट्टीला आली की मोबाईल बघत बसतात.

गेल्या खेपेला आमच्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. त्या दिवशी गावातल्या सगळ्या पुरुषांनी आपापल्या बायकोकडं पहिल्यांदा नीट पाहिलं असेल. माझा मुलगा मागच्या पाच वर्षांत ग्रामपंचायतीचा मेंबर होता आणि सरपंच व्हायचं त्याच्या मनात फार दिवस होतं. आता त्याला तर उभं राहता येईना. म्हणून अर्ज भरला सुनेचा. फलक छापून आला. त्यावर सुनेचा फोटो डोक्यावर पदर घेऊन हात जोडलेला, आणि त्याच्या शेजारी मुलाचा फोटो, तिच्या दीडपट. खाली कपबशीचं चिन्ह. तेसुद्धा तिच्या फोटोपेक्षा मोठं होतं.

मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. खोटं कशाला सांगू. मी स्वतः एकदा अशीच मेंबर झाले होते. तेव्हाही जागा बाईची निघाली होती. बैठकीला मालक जायचे. घरी रजिस्टर यायचं, मालक पेन्सिलीनं फुली मारून ठेवायचे आणि फुलीजवळ मी सही करायची. पाच वर्षांत त्या ग्रामपंचायतीच्या खोलीत मी दोनदा गेले, एकदा झेंड्याला आणि एकदा फोटो काढायला. अशीच रीत आहे, बाई उभी राहते आणि गडी निवडून येतो, असंच मी धरून चालले होते.

मतदानाला आठ-दहा दिवस राहिले असताना रेडिओवाल्यांचा फोन आला. आमच्या गावच्या दोन्ही उमेदवार बायकांना त्यांनी बोलावलं होतं, दोघींना वेगवेगळ्या दिवशी, अर्धा-अर्धा तास. सगळं थेट, आणि ऐकणारे फोन करून प्रश्न विचारणार.

ही गोष्ट साधी नव्हती. आमच्या गावात मतं दोन्हीकडं सारखी वाटलेली. निकाल लागायचा तो डोंगराकडच्या वाड्यांच्या मतांवर, आणि त्या वाड्यांवर सकाळी हा कार्यक्रम घरोघर चालू असतो. तिथं सून अडखळली तर निवडणूक गेली. मुलाला हे पक्कं ठाऊक होतं. त्यानं दोन पानी भाषण लिहून काढलं. "लिहिलं तू, वाचणार कोण?" मी विचारलं.

"मीच बोलणार, आई. तिनं नुस्तं नमस्कार म्हणायचं आन् शेवटी धन्यवाद."

विरोधातली बाई आमच्या आदल्या दिवशी रेडिओवर गेली. आम्ही सगळे गोठ्यात उभे राहून ऐकत होतो. ती नमस्कार म्हणाली. मग तिचा दीर अर्धा तास बोलला. मग ती धन्यवाद म्हणाली. मुलगा खूश झाला. "आपलं यांच्यापेक्षा चांगलं व्हईल, माझा आवाज मोठा हाय," म्हणाला. सून म्हशीपुढं वैरण टाकत होती.

दुसऱ्या दिवशी मीही गाडीत बसले. मुलगा म्हणाला, "तू कशाला?" मी म्हटलं, "ती पोरगी रोज माझ्या गोठ्यात येती, मी एकदा तिच्याकडं जाते."

घोडेगावात एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर ते रेडिओचं ठिकाण. दुकानदार मारवाडी, पण मराठी आमच्यापेक्षा चांगलं बोलतो. त्यानं जिन्याची वाट दाखवली. वर एक लहानशी खोली, भिंतींना गाद्या चिकटवलेल्या, पंखा बंद. पंख्याचा आवाज रेडिओत जातो म्हणे. मुलाचा कांजी केलेला शर्ट पाच मिनिटांत पाठीला चिकटला. टेबलावर चार माईक. एक त्या पोरीचा, तीन आमचे. पोरीनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "दादा, प्रश्न ताईंना असतील. तुम्ही सोबत आहात, बरं आहे, पण उत्तरं ताईंनी द्यायची." मुलगा म्हणाला, "त्याच देणार की." भाषणाची दोन पानं त्यानं हळूच मांडीवर उघडली.

लाल दिवा लागला.

"राम राम मंडळी," पोरगी म्हणाली आणि मला एकदम गोठ्यात असल्यासारखं वाटलं. तिनं सुनेची ओळख करून दिली. मग सोपाच प्रश्न विचारला. "ताई, तुमचा दिवस किती वाजता सुरू होतो?"

"त्या पाचला उठतात," मुलगा म्हणाला.

पोरगी हसली. "आणि ताई, निवडणुकीला उभं राहावं असं तुम्हाला का वाटलं?"

"त्यांना वाटलं असं नाही," मुलगा पानाकडं बघत म्हणाला, "सर्व ग्रामस्थांच्या आग्रहाखातर आम्ही हा निर्णय..."

"ताई?"

"त्यांचं मत असं आहे की, गावाचा सर्वांगीण विकास..."

आता हे मी घरी ऐकलं असतं तर मला काही वाटलं नसतं. पण त्या खोलीत, त्या बंद पंख्याखाली, सून समोरच्या माईककडं बघत बसली होती आणि तिच्या तोंडातलं मत माझा मुलगा काढून सांगत होता. मला ते गिळता येईना.

"अरं, अर्ज तुझा हाय का तिचा?" मी म्हटलं. माईकमध्येच म्हटलं. "तिला बोलू दे की जरा."

पोरगी तोंडावर हात ठेवून हसली. "आजी बरोबर बोलल्या. दादा, आता थांबा. ताई, तुम्ही बोला. गावात काय अडचण आहे?"

सुनेनं तोंड उघडलं.

"ती लाजती," मी म्हणाले. "मी सांगते. वरच्या आळीला पाणी चढत न्हाई..." आणि मी सुरू झाले. पाण्याचं सांगितलं. रस्त्याचं सांगितलं. आमच्या वेळी कसं होतं ते सांगितलं. माकडांनी भुईमूग कसा उपटला तेही सांगितलं. आपला आवाज गाद्यांच्या भिंतीत कसा घट्ट वाटतो, हे मला आवडायला लागलं होतं. मुलगा बोलत होता तो निदान कागद बघून. मी तर कुणाकडंच बघत नव्हते.

मला पुरतं आठवतं, मी माकडांच्या दुसऱ्या टोळीवर आले होते.

"आत्या," सून म्हणाली, "तुमी जरा गप बसा."

सासूला असं बोलणं आमच्याकडं घरातसुद्धा चालत नाही. चालतं, पण चुलीकडं तोंड करून, पुटपुटत. इथं दोन तालुक्यांत ऐकू गेलं. मी गप बसले. दुसरं काय करणार?

तेवढ्यात फोन लागला. बोलणारा आमच्याच गावचा होता. आवाज बदलून बोलत होता, पण खोकला तोच होता. विरोधी बाजूचा माणूस. "नमस्कार मॅडम. उमेदवार बाई घरच्यांशीच भांडत्यात, गावचं काय बघणार? त्यांना गावातलं ठाव तरी काय? अंगणवाडीचा पत्रा गळतोय, पोरांच्या डोक्यावर पानी पडतंय, त्याचं पुढं काय झालं, सांगता येतंय का त्यांना? मालकांनाच विचारा, बाईला काय कळतंय?"

मुलानं घाईनं पानं चाळली. पत्र्याचं त्यात काही नव्हतं.

"पत्र्याचा अर्ज मी दिलाय," सून म्हणाली. "पोच माझ्याकडं हाय."

मी तिच्याकडं बघितलं. ती सांगत होती, मागच्या पावसाळ्यात ती एसटीनं तीनदा तालुक्याच्या कचेरीत गेली. मला वाटायचं ती झंपर शिवायला टाकायला जाते. पहिल्या वेळी साहेब नव्हते. दुसऱ्या वेळी अर्ज घेतला आणि तिनं तो शिक्का मारलेला कागद मागून घेतला. तिसऱ्या वेळी त्यांनी समजावून सांगितलं की, ग्रामसभेचा ठराव जोडल्याशिवाय पत्रा मिळत नाही. "त्यांचं काय चुकलं न्हाई," सून म्हणाली. "नियम हाय तो. ठराव आपन करायचा व्हता. आपन केला न्हाई."

"का नाही झाला, ताई?" पोरीनं विचारलं.

सून क्षणभर थांबली. मला कळलं ती कशाला थांबली. मुलालाही कळलं. त्यानं मान हलवली, नको नको अशी.

"मांडायचा व्हता आमच्या मालकांनी. ते मेंबर व्हते. मी दोनदा सांगितलं. एकदा जेवताना आन् एकदा उसाला पानी धरताना. दोनी वेळंला ते 'बघू' म्हनले."

"अगं..." मुलगा म्हणाला.

"दादा, थांबा," पोरगी म्हणाली.

"गावाला बघू म्हननारा सरपंच पायजे आसंल तर ह्यांना उभं करा," सून म्हणाली. "पन जागा बाईची निघालीय, म्हनून मी उभी हाय. निवडून दिलं तर पैल्या ग्रामसभेत पत्र्याचा ठराव. आन् ग्रामसभा सकाळी दहाला घ्यायची न्हाई. दहाला बाया रानात असत्यात न्हाईतर भाकरी थापत असत्यात. चारला घ्यायची. मग बगा, खोलीत बसायला जागा पुरनार न्हाई."

एकामागून एक फोन यायला लागले. एका बाईनं विचारलं, चारला खरंच घेणार का? एकानं वरच्या आळीच्या पाण्याचं विचारलं, तर सुनेनं कुठला कॉक आधी उघडला की पाणी चढतं ते सांगितलं. मी पाण्यावर एवढं बोलले होते, मला तो कॉक कुठं आहे हेही माहीत नव्हतं. शेवटी फोनवर एक म्हातारबुवा आले. "पोरी, तुझं समदं बराबर हाय. पन सासूला गप बस म्हननं बरं न्हाई."

"घरी गेल्यावर पाया पडते त्यांच्या," सून म्हणाली. "इथं वेळ थोडा हाय, बाबा."

पोरीला पुढचं वाक्य बोलता येईना इतकी ती हसली. गवळण लावून टाकली.

जिन्यात मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, "आई, घालवलं गं हिनं सगळं." त्याची पानं घामानं भिजली होती. खाली दुकानदार दारातच उभा होता. दुकानात रेडिओ चालू, गिऱ्हाइकं गोळा झालेली. त्यानं मला स्टूल दिलं. "बसा आजी. रेडिओ संपला, आता बोला हवं तेवढं." सगळं दुकान हसलं. मीही हसले. सून माठापाशी पाणी पीत होती.

"आत्या, राग आला?" तिनं विचारलं.

"आला."

"मंग?"

"मंग काय? माझं तोंड लई चालत व्हतं. चल, म्हशी वरडत असतील."

पाया काही ती पडली नाही. मीही मागून घेतलं नाही.

त्या दिवसापासून गावात मला निराळंच नाव पडलं. डेरीवर दूध घालायला गेले की मापाडी म्हणायचा, "आज्जी, गप बसा, रांगेत या." शाळेतली पोरं रस्त्यानं ओरडत जायची. विरोधकांनी तर रिक्षावर कर्णा लावून सांगितलं, जी घरात सासूला गप करते ती गावाला काय सोडणार, वडीलधाऱ्यांनी विचार करावा. मुलगा घाबरला. गावातल्या म्हाताऱ्यांची मतं जाणार असं त्याच्या डोक्यानं घेतलं. तो म्हणाला, "आई, तू वाडीवाडीवर चल. सांग, ती गंमत व्हती. घरात ती तुला लई मान देती."

"गंमत नव्हती," मी म्हटलं. "आन् मान काय देती, चहा देती. तेवढा पुरं हाय."

मारुतीच्या ओट्यावर आम्ही म्हाताऱ्या बसतो. तिथं चर्चा झालीच. एक म्हणाली, "तुला राग न्हाई आला?" दुसरी म्हणाली, "राग कशाचा? माझी सून रोज म्हनती. रेडिओवर न्हाई म्हनत येवढंच." तिसरी, जिच्याशी माझं चार वर्षं बोलणं नव्हतं, तीसुद्धा बोलली. "तुला गप करायला इतकी वर्षं लागली कुनाला तरी. त्या पोरीला मत द्यायलाच पायजे." एवढ्या हसलो आम्ही की पुजारी बाहेर आला.

तरी मी वाड्यांवर गेले, सुनेबरोबर. मुलाला आम्ही घरी म्हशींपाशी ठेवला. तो आपण होऊन राहिला असं तो सांगतो. प्रत्येक दारात आधी मला बघायचे. वरच्या वाडीत एका बाईनं घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि मला विचारलं, "काय हो, ही खरंच पत्रा बसवील का?"

"तिला विचारा," मी म्हटलं. "मला बोलायची बंदी हाय."

त्या घरात एवढा हशा झाला की शेजारच्या तीन घरांतली माणसं आली. मग सूनच बोलली. मी भिंतीला टेकून बसले आणि शेंगा खाल्ल्या. इतकी वर्षं सासरी नांदले, पण दुसरं कुणी बोलत असताना नुसतं ऐकायला एवढं बरं वाटतं, हे मला आधी कधी कळलं नव्हतं. शेंगाही चांगल्या होत्या.

मोजणी घोडेगावात तहसीलला झाली. पोलिसांनी दोरी बांधलेली, दोरीच्या अलीकडं दोन्हीकडची माणसं, हलगीवाले, गुलालाची पोती. आमची पोती मुलानं गाडीतच ठेवली होती. आधी बाहेर काढली की हरतो, असा त्याचा समज. आमच्या गावचा नंबर दुपारी लागला. कर्ण्यावर सुनेचं नाव पुकारलं आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. पोरं गाडीकडं पळाली. हलगी सुरू झाली. मुलगा तिथंच खाली बसला आणि रडला. मग पोरांनी त्याला उचलून खांद्यावर घेतला, पोतंभर गुलाल त्याच्या डोक्यावर ओतला आणि "सरपंच, सरपंच" करीत नाचायला लागली. तोही वरून हात हलवत होता.

सून आणि मी दोरीपाशी उभ्या होतो. तिच्या अंगावर चिमूटभर गुलाल नव्हता. आतून पुकारा झाला, निवडून आलेल्या उमेदवारांनी दाखला घेऊन जावा. ती निघाली. दारावरचा पोलीस म्हणाला, "मावशी, फक्त उमेदवार आत सोडतोय. मालकांना पाठवा."

मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

"मालक वर हायेत," सून म्हणाली आणि खांद्यावरच्या माझ्या मुलाकडं बोट दाखवलं. "ते उतरंपर्यंत तुमची जेवायची वेळ टळंल. उमेदवार मी हाय, भाऊ."

त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा पोरांनी आणलेल्या फलकावरच्या फोटोकडं, आणि दोरी वर धरली. ती खाली वाकून आत गेली.

बाहेर यायला तिला बराच वेळ लागला, कारण तिनं कागद आतच वाचून काढला होता, आणि बाहेर येऊन उन्हात उभी राहून परत पहिल्यापासून वाचला. एवढ्यात मुलगा धापा टाकत आला. डोळे सोडले तर सगळा लाल.

"दाव की गं," म्हणाला आणि हात पुढं केला.

सुनेनं कागद मागं घेतला. "आधी हात धुऊन या. गुलाल लागंल."

तो नळाकडं गेला. त्याला खांद्यावर घेतलेली पोरं कुणाला उचलावं ते न कळून हलगीपुढं उभी राहिली.